दम नसलेला व्हॅक्यूम

दम्माममध्ये जून लागला की शमाल सुरू होतो. हा वायव्येकडून येणारा वारा इराक-कुवेतच्या बाजूची बारीक माती उचलतो आणि आखाताच्या काठाकाठाने खाली टाकत येतो. खिडक्या बंद ठेवा, फटींना टेप लावा, तरी संध्याकाळी टेबलावरून बोट फिरवलं की रेघ उमटते. ही वाळू नव्हे. वाळू जड असते, ती बाहेरच पडते. घरात शिरते ती पिठासारखी धूळ. इथल्या भाड्याच्या घरांमध्ये बऱ्याचदा भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो. त्याला सगळे ‘मोकेत’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अरबीतून आलेला. धूळ त्या मोकेतमध्ये मुरते. आणि आमच्याकडे पाच वर्षांची मुलगी आहे, जिला शमालच्या दिवसांत रात्री खोकल्याची ढास लागते.

म्हणून मी हातात धरायचा, बिनवायरचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. पहिला महिना बरा गेला. तिसऱ्या महिन्यात त्याला बिस्किटाचा चुराही उचलवेना. आवाज मात्र विमान सुटल्यासारखा. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘हे उघडत नाहीत, नवीन घ्या.’ मी घरी आले आणि उघडला.

हा किस्सा मी पॉडकास्टमध्ये दोन मिनिटांत उरकला होता. तेव्हा सांगायचं राहिलं ते असं: ते यंत्र दुबळं का, याचं अर्धं उत्तर त्याच्या पोटात सापडलं. उरलेलं अर्धं त्याच्या इतिहासात होतं, आणि त्या इतिहासाचा एक तुकडा आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहत होता.

फुंकर की ओढ?

सुरुवात लंडनपासून करू. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर एका अमेरिकन यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला गेला. ते यंत्र दाबाची हवा सोडून धूळ उडवायचं. धूळ उडायची आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच बसायची. बूथने विचारलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? ते शक्य नाही, असं उत्तर मिळालं. मग त्याने एका रेस्टॉरंटमध्ये खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोरात श्वास ओढला आणि धुळीने ठसकला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला होता. व्हॅक्यूम क्लीनरची सगळी कल्पना या रुमालात आहे: हवा जाऊ द्यायची, धूळ अडवायची.

बूथचं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. घरात मावेल असं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन गावच्या जेम्स मरी स्पँगलरने. हा एका दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा व्हायचा. त्याने एक छोटी विजेची मोटर, पंखा, लाकडी खोका, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा असं एकत्र बांधलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ते हक्क विल्यम हूव्हरने घेतले, आणि पुढे इंग्लंडात घर साफ करण्याच्या क्रियेलाच ‘हूव्हर करणं’ म्हणू लागले.

म्हणजे बघा, घरगुती व्हॅक्यूम जन्माला आला तोच जोडतोड करून, एका दमेकऱ्याच्या गरजेतून. ‘हे उघडत नाहीत’ हे वाक्य त्याच्या इतिहासात फार उशिरा आलेलं आहे.

आपल्याकडे मात्र हे यंत्र कधी नीट रुळलं नाही, त्यालाही कारण आहे. व्हॅक्यूमचा इतिहास हा गालिच्याचा इतिहास आहे. मराठी घरात शहाबादी फरशी किंवा मोझॅक. तिथे केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते मुंबई-पुण्यात दारोदारी येऊ लागले. ते गादीवर यंत्र फिरवून आतली धूळ काढून दाखवायचे. आईवडिलांना शरम वाटायची आणि यंत्र विकत घेतलं जायचं. दोन दिवाळ्या झाल्या की ते कपाटावर, मूळ खोक्यात. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागायचं ते केरसुणीलाच.

चुऱ्यासाठी बनलेलं यंत्र

आता माझ्या हातातलं छोटं यंत्र. याचा पूर्वज म्हणजे ब्लॅक अँड डेकर कंपनीचा ‘डस्टबस्टर’, १९७९ सालचा. तुम्ही कधीतरी ऐकलं असेल की हा चंद्रावरून आला. गोष्ट छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. याच कंपनीचं बॅटरीवर चालणारं पहिलं ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आलं होतं. पुढे अपोलो मोहिमांसाठी चंद्राच्या जमिनीत भोक पाडायचं ड्रिल बनवण्यात कंपनीचा हात होता. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी ते वापरताना डेव्हिड स्कॉटची चांगलीच दमछाक झाली. पण झाडलोटीच्या यंत्राचा धागा जास्त घरगुती आहे. १९७४ मध्ये कंपनीने एक संच काढला: बॅटरीची एकच मूठ, तिला बागकामाची वगैरे वेगवेगळी अवजारं जोडायची. त्या अवजारांत एक छोटा व्हॅक्यूम होता. कॅरल गँट्झ या डिझायनरच्या हाताखाली त्याला वेगळं रूप मिळालं आणि डस्टबस्टर झाला.

तो कशासाठी होता? स्वयंपाकघराच्या ओट्यावर सांडलेले दाणे, टेबलाखालचा चुरा, गाडीच्या सीटवरची माती. मोठा व्हॅक्यूम कपाटात असतोच हे गृहीत धरलेलं. दोन मिनिटं चालवा, भिंतीवरच्या खुंटीला लावा, चार्ज होत राहील. त्या काळच्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये त्याहून जास्त दमही नव्हता. या सेलचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये लावला होता. एकेक सेल जेमतेम १.२ व्होल्टचा. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला, साधारण ३.६ व्होल्टचा. त्यामुळे तेवढ्याच मुठीत कितीतरी जास्त ऊर्जा मावू लागली.

पण काम तेच राहिलं: चुरा. माझ्या यंत्रावर ६० वॅट लिहिलेलं आहे. युरोपीय संघाने वीज वाचवण्यासाठी २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमवर ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली. म्हणजे ज्याला तिथे ‘आटोक्यात आणलेला’ म्हणतात, त्याच्या पंधराव्या हिश्शाचं यंत्र घेऊन मी शमालशी लढत होते. दुबळेपणाचा पहिला भाग हा. यंत्र खराब नव्हतं, ते दुसऱ्याच धुळीसाठी बनलेलं होतं.

दुसरा भाग मी स्वतः वाढवला. चार स्क्रू काढले. आत फोमचा छोटासा फिल्टर होता, पुऱ्यावर पीठ थापावं तसा धुळीने लिंपलेला. मी तो काढून यंत्र चालवलं आणि काय सांगू, जोर एकदम दुप्पट झाला! दहा मिनिटं मी भलतीच खूश होते. मग खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि दिसलं की यंत्राच्या पाठीमागून बारीक धुळीचा फवारा खोलीभर उडतोय. बूथने १९०१ मध्ये जे यंत्र बघून नाक मुरडलं होतं, तेच मी घरात तयार केलं होतं. त्या रात्री मुलगी नेहमीपेक्षा जास्त खोकली.

१२७ आणि २३०

दुसऱ्या दिवशी मी उघडं यंत्र ताटात घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथे राहणारे चाचा खेड तालुक्यातले. १९८४ पासून दम्माममध्ये एसी दुरुस्तीचं काम करतात. माझा बेत ठरलेला होता. आत दोन सेल होते, मिळून ७.४ व्होल्ट. तिसरा जोडला की ११.१. मोटर जोरात फिरेल, विषय संपला.

चाचांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बेटा, व्होल्टेजशी मस्ती नको. माझा मिक्सर ठाऊक आहे ना तुला?’

मला ठाऊक नव्हता. आणि तो समजायला थोडा दम्मामचा इतिहास लागतो.

१९३३ मध्ये सौदी राजाने अमेरिकन तेल कंपनीला शोधाचा हक्क दिला. ४ मार्च १९३८ रोजी ‘दम्माम क्रमांक ७’ या विहिरीतून भरघोस तेल लागलं. ही विहीर शेजारच्या धाहरानमध्ये आहे. तेलासोबत अमेरिकन वसाहत आली आणि वसाहतीसोबत अमेरिकन पद्धतीची वीज. पुढे अख्ख्या देशाने ६० हर्ट्झ स्वीकारलं आणि घरातल्या सॉकेटला १२७ व्होल्ट मिळू लागले. दोन फेजमधून घेतलं की २२० व्होल्ट, ते एसीसाठी. म्हणून इथल्या जुन्या इमारतींत अजूनही एकाच भिंतीवर दोन प्रकारची सॉकेट दिसतात. शेजारचे देश मात्र ५० हर्ट्झवरच राहिले. समुद्रापलीकडचं बहरीन पुलावरून २५ किलोमीटर, पण तिथली वीज इथल्या विजेशी थेट जोडता येत नाही. आखाती देशांच्या वीजजाळ्याचं मुख्य कार्यालय दम्माममध्येच आहे, आणि ५० व ६० हर्ट्झमध्ये देवाणघेवाण करता यावी म्हणून २००९ मध्ये याच पूर्व प्रांतात अल-फधिली इथे १८०० मेगावॅटचं रूपांतर केंद्र उभारावं लागलं. १२७ व्होल्ट हळूहळू बंद करून २३० वर जायचं, हा सौदीचा निर्णय २०१० चा.

आता दुसरं टोक बघा. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली, आणि रत्नागिरी-रायगडमधून माणसं जायला लागली. फिटर, वायरमन, ड्रायव्हर, स्वयंपाकी, कारकून. १९८३ मध्ये भारताने परदेशी कामगारांसाठी नवा कायदा केला. खेड, दापोली, चिपळूण, महाड इथल्या किती घरांचे पत्र्याचे छप्पर स्लॅबचे झाले ते या पैशातून. आणि १९९१ पूर्वीच्या भारतात परदेशी वस्तू सहजी मिळत नसत. मुसाफिरखाना, मनीष मार्केट, हीरा पन्ना ही मुंबईतली नावं तेव्हाच्या लोकांना उगाच पाठ नव्हती. त्यामुळे सुट्टीवर येणारा माणूस म्हणजे त्याची पेटी, आणि पेटी म्हणजे टू-इन-वन, इस्त्री, मिक्सर.

चाचांनी १९८६ मध्ये पहिल्या सुट्टीला मिक्सर नेला. १२७ व्होल्टचा. गावात लावला २३० च्या सॉकेटमध्ये. ओल्या नारळाची चटणी वाटायला आख्खं घर जमलेलं. ‘असा फिरला, असा फिरला… आणि धूर.’ आई बिचारी म्हणाली, इथलं खोबरं त्याला झेपलं नसेल.

हिशेब सोपा आहे. २३० म्हणजे १२७ च्या १.८ पट. पण तापणाऱ्या तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सव्वातीन पट. पुढच्या सुट्टीत चाचांनी मुंबईत उतरून आधी लॅमिंग्टन रोड गाठला आणि विटेएवढा जड स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला. मग गावातल्या इतरांसाठीही आणू लागले. कुठल्या वस्तूच्या पाठीमागे ११०/२२० चा खटका आहे, कुठलीला ट्रान्सफॉर्मर लागेल, कुठली ट्रान्सफॉर्मरवर चालेल पण ५० हर्ट्झवर मंद फिरेल, हे त्यांना तोंडपाठ झालं. मिक्सरच्या मोटरला हर्ट्झने फरक पडत नाही, पण ६० हर्ट्झच्या साध्या इंडक्शन मोटरचा पंखा आपल्याकडे सहाचा पाच होतो. हे ज्ञान कुठल्या कोर्समध्ये मिळालेलं नव्हतं. ते जळलेल्या वस्तूंमधून आलं होतं.

आखाती स्थलांतरावरच्या लिखाणात पैसे किती आले हे सापडतं. घरं, लग्नं, एकाकीपणा हेही येतं. पण दोन देशांच्या विजेमध्ये उभं राहून एका पिढीने जे हाताने शिकून घेतलं, त्याची नोंद फारशी होत नाही. माझ्या चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलंय: १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. त्या एका ओळीने चाचांचं अर्धं ज्ञान निवृत्त केलं. सोय झाली हे खरंच. पण त्याबरोबर मला व्होल्टेज म्हणजे ‘जास्त तितकं चांगलं’ वाटायला लागलं होतं. पीएचडी असून.

गळती कुठे होती

तिसऱ्या सेलचा हिशेब आम्ही ताटाशेजारीच मांडला. व्होल्टेज दीडपट, मोटरचा वेग साधारण दीडपट. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते: १.५ गुणिले १.५ गुणिले १.५, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट. ही ६० वॅटची, आगपेटीहून थोडी मोठी मोटर; तिच्याकडून २०० वॅट मागायचे. शिवाय चार्जर आणि सेलचं संरक्षण करणारी पट्टी दोनच सेलसाठी बनवलेली. मिक्सरमधून नुसता धूर आला. लिथियम सेल पेट घेतो.

‘जोर वाढवू नको,’ चाचा म्हणाले. ‘जातो कुठे ते बघ.’

मग क्रमाने बघितलं. चालू यंत्राच्या तोंडावर हात दाबला. चांगल्या व्हॅक्यूममध्ये असं केलं की आवाज चढतो. मोटरवर ताण आला असं आपल्याला वाटतं, पण उलट असतं. ढकलायला हवाच न उरल्यामुळे पंख्याचं ओझं कमी होतं आणि तो जास्त वेगाने फिरतो. माझ्या यंत्राचा आवाज चढलाच नाही. म्हणजे हवा दुसरीकडून आत शिरत होती. धुळीच्या भांड्याभोवतीचं रबर उन्हाने कडक होऊन एका बाजूला चिरलं होतं. चाचांनी एसीच्या डक्टला लावतात ती फोमची पट्टी कापून बसवली.

मग पंखा. पात्यांवर धुळीचा थर होता, तो कोरड्या ब्रशने काढला. मग फिल्टर. तो काढून टाकायचा नव्हता, मोठा करायचा होता. तेवढीच हवा जास्त क्षेत्रफळातून गेली तर अडथळा कमी होतो. म्हणून सपाट फोमच्या मागे घड्यांचा कागदी फिल्टर बसवला. मूठभर जागेत घड्या घालून वहीच्या पानाएवढा कागद मावतो. फोम जाड कचरा अडवतो, कागद बारीक धूळ.

शेवटी सेल. इथे खरा चोर सापडला. ६० वॅट भागिले ७.४ व्होल्ट म्हणजे ८ अँपिअर. स्वस्त, दमलेल्या सेलचा आतला रोध धरा प्रत्येकी ०.०६ ओहम. दोन सेलमध्ये मिळून जवळजवळ १ व्होल्ट आतल्या आतच जातो, उष्णता होऊन. मोटरपर्यंत पोचतात साडेसहाच्या आसपास. ओढीचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे १३ टक्के व्होल्टेज गेलं की साधारण चौथा हिस्सा ओढ गेली. दम्मामच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या यंत्राचे सेल लवकर म्हातारे होतात, आणि मी ते गाडीतच ठेवत होते.

सीको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बाजारभागात एका दुकानात तेवढ्याच मापाचे, तेवढ्याच व्होल्टचे, पण जास्त प्रवाह देऊ शकणारे दोन सेल मिळाले. पट्ट्या दुकानदाराकडूनच स्पॉट वेल्ड करून घेतल्या. सेलला थेट सोल्डर करू नये, उष्णतेने आतून बिघडतो. संरक्षक पट्टी होती तशीच ठेवली. मोटरकडे जाणाऱ्या केसासारख्या तारा बदलून जाड टाकल्या. घरी नक्कल करणार असाल तर सेलचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या; बाकीचं स्क्रू ड्रायव्हर आणि धीर एवढ्यावर होतं.

मोजायला पारदर्शक नळी पाण्यात उभी धरली आणि वरच्या टोकाला व्हॅक्यूम लावला. आधी पाणी वीतभर चढलं होतं. आता जवळजवळ दोन विती. व्होल्टेज एका व्होल्टनेही न वाढवता.

यंत्र अजूनही चुऱ्याचंच आहे. अख्खा मोकेत त्याने साफ होत नाही. त्यासाठी आम्ही आठवड्यातून एकदा वायरचा मोठा व्हॅक्यूम शेजाऱ्यांकडून आणतो. पण मुलीच्या पलंगाभोवतीची दोन हात जागा ते रोज रात्री साफ करतं, आणि पाठीमागून धूळ उडवत नाही. खोकला पूर्ण गेला असं म्हणणार नाही. झोप लागते, तिची आणि आमचीही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी आखातात होतं: आजोबा, मामा, शेजारचे काका. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा पैसे किती मिळायचे हे विचारू नका, ते सगळे विचारतात. पेटीतून पहिली वस्तू कुठली आणली आणि ती किती दिवस चालली, ते विचारा. चाचांचा तो ट्रान्सफॉर्मर अजून खेडच्या घरात आहे. दाराला पाचर म्हणून वापरतात.